निलगिरीच्या उतारावरील पाण्याची किंमत कोण मोजणार?

तामिळनाडूने 2023 मध्ये निलगिरी ताहर या डोंगरी प्राण्यासाठी स्वतंत्र प्रकल्प सुरू केला. त्याचे स्वागतच आहे. परंतु ताहरचे गवताळ माळ आणि त्याच डोंगरांवरील बटाटा-गाजराची शेते यांचे पाणी एकच आहे, हे धोरण मान्य करणार की नाही?

ज्या माळांना पडीक समजून तेथे वॅटल व युकॅलिप्टस लावले गेले, ते माळ आणि शोला वने पाऊस जिरवून ओढ्यांना सावकाश देतात. उलट, तीव्र उतारावर वारंवार खणलेली माती मुसळधार पावसात वाहून जाते. तिला चिकटलेला फॉस्फरस आणि पाण्यात विरघळलेले नायट्रेट भवानी व मोयार या नद्यांतून भवानीसागर जलाशयाकडे निघतात.

दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे सोपे आहे, न्याय्य नाही. उताराला आडवी लागवड, बांधबंदिस्ती, ओढ्याकाठी न खणलेला गवत-झुडपांचा पट्टा हे उपाय सर्वज्ञात आहेत. या पट्ट्यात वन्यजीवांना आसरा मिळतो आणि गाळ अडतो. मात्र बुडणारे उत्पन्न एकट्या शेतकऱ्याचे असते, स्वच्छ पाण्याचा लाभ मैदानी प्रदेशाचा. ही भरपाई लाभार्थ्यांनीच द्यायला हवी.

ताहरची गणना होते, तशीच ओढ्यांतील गाळाची व नायट्रेटची नोंद दर पावसाळ्यात व्हावी आणि ती जनतेसमोर मांडली जावी.