पेपर मोजणाऱ्यांनो, जरा सेवाग्रामला जाऊन या!

एका डिपार्टमेंटमधून रिसर्च निघतो आणि शेजारच्यातून नुसती चहाची बिलं, असं का होतं? कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "फंड नाही हो, मशिन्स नाहीत." मला हे अजिबात पटत नाही.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी मेडिकल कॉलेज काढलं. अंगावर खादी, खेड्यातले पेशंट, प्रायव्हेट प्रॅक्टिस बंद. आपल्या भाषेत 'करिअर'ची वाट लावणारी जागा! पण २००५ साली इथला एक अभ्यास थेट 'जामा'त, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला. प्रश्न अगदी घरचा होता. टीबीच्या पेशंटमध्ये रोज वावरणाऱ्या आपल्याच नर्सेस, डॉक्टर आणि विद्यार्थ्यांपैकी कितीजणांना नकळत टीबीचा संसर्ग झालाय? आणि तो शोधायला रक्ताची नवी टेस्ट कातडीवरच्या जुन्या टेस्टपेक्षा सरस आहे का? ७२६ जण अभ्यासात घेतले. जुन्या टेस्टमध्ये ४१ टक्के पॉझिटिव्ह, नव्या टेस्टमध्ये ४०. दोन्ही मिळून पाहिलं तर निम्मे लोक!

हो, बर्कलेची साथ होती, मान्य. मुख्य लेखक मधुकर पै तेव्हा तिथेच होते. पण त्याच पेपरवर मेडिसिनचे डॉ. कलंत्री आहेत आणि मायक्रोबायोलॉजीच्या डॉ. नारंगसुद्धा. दोन डिपार्टमेंट्स एकत्र! बऱ्याच कॉलेजांत ती एकमेकांना टेबल-खुर्चीसुद्धा उसनी देत नाहीत. शिवाय संध्याकाळी पाचला स्वतःच्या क्लिनिकचं शटर उघडायचं असेल, तर सकाळच्या राउंडला पडलेल्या प्रश्नाचा पाठपुरावा करणार कोण?

आता देशाचा हिशोब. २००५ ते २०१४ या काळात ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांचा एकही पेपर नाही. शून्य! वर्षाला शंभराहून जास्त पेपर देणाऱ्या संस्था फक्त २५, आणि देशातले ४० टक्के पेपर त्यांचेच.

यावर आपल्या साहेबलोकांचा उपाय काय? २००९ साली मेडिकल कौन्सिलने प्रमोशन पेपरला बांधलं, २०१० साली यूजीसीने प्राध्यापकांसाठी पॉइंट्स काढले. लगेच पैसे घेऊन पेपर छापणारी दुकानं जोरात. आमच्या धंद्यात कधीकाळी लाइन्स ऑफ कोड मोजायचे, तेव्हा लोक दहा ओळींचं काम शंभर ओळींत करायचे. तीच गंमत. (फक्त इथे पगार जनतेच्या खिशातून.)

तेव्हा भाच्याच्या अॅडमिशनला कॉलेज बघायला जाल, तेव्हा पेपर किती ते राहू द्या. सर संध्याकाळी कुठे असतात, एवढं विचारा.