मुखवट्यांचे रामायण

‘बॅले’ हा शब्द परका. त्यातील नृत्य मात्र आपल्या मातीचे असू शकते. अल्मोड्यास उदयशंकरांच्या केंद्रात मणिपुरी नृत्य शिकविणाऱ्या शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ काढला. क्षयाने जर्जर असताही त्यांनी ‘रामायण’ बसविले. त्यात नर्तक मुखवटे चढवून कठपुतळ्यांप्रमाणे हालत. १९५४ साली ते निवर्तले, तरी हे रामायण देशोदेशी गेले. आपल्या धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेस भोवाड्याची सोंगेही मुखवटे चढवूनच नाचतात. ती पाहावयास जळगाव-धुळ्याची किती सुशिक्षित कुटुंबे जातात? मुलींस शास्त्रोक्त नृत्य अवश्य शिकवावे. परंतु एक रात्र त्यांस भोवाडाही दाखवावा, अशी वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे.