वेदीवरच्या गुलाबांचा गुलकंद नको

सणाची मिस्सा झाली की दुसऱ्या दिवशी वेदीवरची फुले उतरवतात. त्या वेळी काही भगिनी गुलाबाच्या पाकळ्या पिशवीत भरून गुलकंदासाठी घरी नेतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. देवाच्या घरचे फूल उकिरड्यावर जाऊ नये, ही भावना चांगली आहे. तरीही स्पष्ट सांगतो, ही फुले पोटात घालू नका.

बाजारातले लांब दांड्याचे गुलाब फुलदाणीसाठी पिकवतात, खाण्यासाठी नव्हे. मावा, फुलकिडे, भुरी यांसाठी त्यांवर वरचेवर औषधे मारतात. भाजीवर फवारल्यास तोडणीपूर्वी ठराविक दिवस थांबायचे असते. शोभेच्या फुलाला हा विचार कोण करतो? शिवाय काही औषधे झाडाच्या अंगात भिनतात. पाकळी कितीही धुतली तरी ती जात नाहीत. आणि या गुलाबांना वासही बेताचाच.

त्यापेक्षा परसात गावठी सुवासिक गुलाबाची दोन झाडे लावा. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची फांदी लावली तर सहसा जगते. मावा दिसल्यास ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारा. पुढचे काही दिवस ती फुले गुलकंदासाठी घेऊ नका.

गुलकंद करणे अवघड नाही. सकाळी दव सुकल्यावर फुले तोडा. पाकळ्यांचे पांढरे बूड कडवट असते, ते काढा. पाकळ्या धुऊन सावलीत कापडावर पूर्ण कोरड्या करा. वजनाने पाकळ्यांइतकीच कुटलेली खडीसाखर घ्या. कोरड्या काचेच्या बरणीत एक थर पाकळ्यांचा, एक साखरेचा असे भरा. झाकण लावून तीन-चार आठवडे दिवसा उन्हात ठेवा आणि कोरड्या चमच्याने ढवळत जा. साखर पाकळ्यांतले पाणी ओढून घेते, म्हणूनच तो टिकतो. ओला चमचा गेला की बुरशी आलीच.

आता दुसरी गोष्ट. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘कंद’ म्हणजे साखर, हे नावच सांगते. तयार गुलकंदात निम्म्याहून अधिक साखर असते. ‘थंड असतो, बाधत नाही’ म्हणून मधुमेहाची माणसे तो खातात, ही मोठी चूक आहे. खडीसाखर घातली तरी ती साखरच. निरोगी माणसानेही दिवसाकाठी चमचाभरावर थांबावे. वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत असणे अधिक बरे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे. चहातली साखरही त्यातच धरायची.

मग वेदीवरच्या फुलांचे काय? देवळाच्या आवारातील मोठ्या झाडांच्या बुंध्याशी खड्डा करून ती पुरावीत. मातीतून आलेले फूल मातीला मिळाले, यात अनादर कसला? आणि पुढच्या सणाला परसातले चार गावठी गुलाब वेदीवर आले, तर त्याहून चांगले काय?