भिंतीवर यायला बाईनं मरायचं का?

आपल्या घरांतल्या बाईचा फोटो बैठकीच्या भिंतीवर लागतो तो ती गेल्यावर. ही रीत मला निर्दय वाटते, आणि ती मुकाट पाळणाऱ्या सुशिक्षित घरांचा मला जास्त राग येतो. जिनं त्या घरात उभं आयुष्य रांधलं, सगळ्यांची दुखणी काढली, पोरांची फी भरायला बांगड्या गहाण टाकल्या, तिचा चेहरा चारचौघांना दिसायला तिला आधी स्मशानात जावं लागतं.

आणि मग काय धावपळ उडते! दहाव्याला फोटो हवा, पण घरात तिचा एकटीचा धड फोटोच सापडत नाही. कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो शोधून काढतात, त्यातून तिला कापून घेतात, तरी शेजारणीचा खांदा कडेला उरतोच. तेही नसेल तर आधार कार्डावरचा डोळे तारवटलेला चेहरा मोठा करतात. फोटोवाला मागे निळा रंग भरतो, सुरकुत्या पुसतो, सांगितलं तर अंगावर दुसरी साडीही चढवतो. त्यावर चंदनाचा हार घालून आपण तिला जन्मभर न दिलेली जागा देतो. तो चेहरा तिचा नसतोच. तो आपल्या हलगर्जीपणावर घातलेला पडदा असतो.

आपल्या मागच्या पिढ्यांतल्या कितीतरी बायकांचे आयुष्यात तीनच फोटो नीट निघाले. पहिला स्थळांना दाखवायचा. स्टुडिओत, शोभेच्या कुंडीशेजारी उभं करून काढलेला, पसंती-नापसंतीसाठी पाकिटातून गावोगाव फिरलेला. दुसरा लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला. तिसरा हाराचा. तिन्ही दुसऱ्यांच्या गरजेसाठी. मधली सगळी वर्षं कोरी. बारशाला, मुंजीला, वास्तुशांतीला ‘चला, सगळे फोटोला या’ अशी हाक आली तेव्हा ती शेवटच्या पंगतीला वाढत होती. कुणी बोलावलंच तर ‘मी अशी घामाघूम, मला कशाला’ म्हणाली, आणि आपण लगेच मान्य केलं. तिला तसं म्हणायला आपणच शिकवलं होतं.

पुरुषांचं तसं नाही. पदवी घेताना, निरोपसमारंभात शाल-श्रीफळ स्वीकारताना, मंत्र्याच्या शेजारी मान पुढे काढून उभं राहताना, असे त्यांचे फोटो हयातीत फ्रेम होतात. चौकातल्या फ्लेक्सवर कुणा दादाच्या वाढदिवसाला शुभेच्छुकांचे चेहरे दाटीवाटीनं बसतात. तिथे चेहरा यावा म्हणून पैसे मोजणारा माणूस घरी आईच्या फोटोसाठी खिळा ठोकत नाही.

नव्या फ्लॅटांत तर भिंतच इंटिरियरवाल्याच्या हवाली झाली आहे. घरच्या माणसांचे फोटो म्हणे जुनाट दिसतात, भिंत ‘क्लीन’ हवी. मग कुणाच्याही ओळखीचं नसलेलं एखादं कॅनव्हासचं चित्र येतं, नाहीतर बुद्धाचा मुखवटा, सोफ्याच्या रंगाला जुळतो म्हणून. बुद्ध आणि बाबासाहेब श्रद्धेनं ज्यांच्या भिंतीवर आहेत, त्या वस्त्यांतल्या घरांत जाऊन बसा, म्हणजे भिंत कशासाठी असते ते कळेल. आम्ही कुणाचे आहोत, हे ती आल्यागेल्याला ठणकावून सांगते.

बाबासाहेबांचा एक फोटो मला या बाबतीत फार मोलाचा वाटतो. फेब्रुवारी १९३४ मध्ये दादरच्या राजगृहात काढलेला. त्यात बाबासाहेबांबरोबर रमाबाई आहेत, मुलगा यशवंत आहे, थोरल्या भावाची पत्नी लक्ष्मीबाई आहेत, पुतण्या मुकुंद आहे आणि टॉबी नावाचा कुत्राही आहे. २७ मे १९३५ ला रमाबाई गेल्या. तो फोटो वेळेवर निघाला आणि त्यातल्या प्रत्येकाचं नाव टिकलं, म्हणून आज रमाबाई आपल्याला त्यांच्या घरात, त्यांच्या माणसांत दिसतात. तुमच्या पणजीचं नाव तरी तुम्हाला सांगता येतं का?

‘फोनमध्ये आहेत की हजारो फोटो’ हे उत्तर मला पटत नाही. फोनमधला फोटो एकट्याचा असतो, कुलपात असतो. घरातलं पोर येता-जाता तो बघत नाही, ‘ही कोण?’ असं विचारत नाही. फोनचा मालक गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर ते वैयक्तिक खातं आतल्या फोटोंसकट पुसण्याचा नियम गूगलनं डिसेंबर २०२३ पासून लागू केला आहे. ज्याला तुम्ही जपणं म्हणता, त्याला अशी मुदत आहे.

दुसरं उत्तर वास्तूवाल्यांचं. अमुक दिशेला माणसं नकोत, तमुक भिंतीवर पितर नकोत, हसऱ्या चेहऱ्याला दृष्ट लागते. घरच्या बाईला जिवंतपणी भिंत नाकारून कुणाचं घर भरभराटीला आलं, ते या मंडळींनी एकदा दाखवावं.

फोटो खराब होतात ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तिला उपाय आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो लालसर पडतात, कारण त्यांतला निळसर रंग आधी उडतो. म्हणून मूळ फोटो अंधारात, कोरड्या जागी ठेवा आणि प्रत काढून ती लावा. उन्हाची तिरीप येणारी भिंत नको, पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत तर नकोच. काच फोटोला टेकू देऊ नका. मध्ये जाड कागदाची चौकट घाला, नाहीतर कोकणातल्या दमट हवेत फोटो काचेला चिकटून बसतो. मागे मऊ पेन्सिलीनं नाव, गाव आणि साल लिहा. भाड्याच्या घरात खिळा चालत नसेल तर टीव्हीशेजारचं कपाट आहे. तिथल्या ट्रॉफ्या जरा सरकवा.

गेलेल्यांचे फोटो काढून टाका, असं माझं म्हणणं नाही. त्यांच्या शेजारी जिवंत माणसं आणा, आणि सुरुवात घरातल्या बाईपासून करा. आईपासून, आजीपासून, लग्नच न झाल्यामुळे कुठल्याही भिंतीवर हक्क न उरलेल्या आत्यापासून. नटवून काढलेला फोटो हवाच असं नाही. शाळेत शिकवताना, शेतात भात लावताना, मैत्रिणींत बसून मोठ्यानं हसताना ती जशी होती तसा शोधा. नसेल तर काढा, उद्याच काढा. आणि त्यातला कुठला लावायचा, कुठे लावायचा, हे तिला ठरवू द्या. हार घालायची वेळ येते तेव्हा हा निर्णय दुसरेच घेतात. तिचा चेहरा जगानं कसा पाहावा, हे ठरवायचा पहिला हक्क तिचा आहे, आणि तो हयातीतच बजावता येतो.