जुन्या नोंदींचा भरवसा किती?

एखादी गोळी वर्षानुवर्षे त्याच पद्धतीने बनते. मग ती पद्धत खात्रीची असल्याचे जुन्या नोंदींवरून ठरवता येईल का? औषधांच्या मूळ घटकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने ही वाट अपवाद म्हणून ठेवली : साधारण सलग 10 ते 30 बॅच तपासायच्या, नापास झालेल्याही धरून. तयार औषधांसाठी युरोपने मात्र ऑक्टोबर 2015 पासून ती बंद केली.

ते योग्यच झाले. बॅचमधल्या मोजक्याच गोळ्या तपासल्या जातात, उरलेल्या लाखोंची हमी प्रक्रियाच देते. जुन्या नोंदी कालच्या यंत्राबद्दल आणि कालच्या कच्च्या मालाबद्दल बोलतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 मध्ये भेसळयुक्त ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले. ग्लिसरीन तर जुनेच, परिचयाचे औषध होते.

जुन्या नोंदी टाकाऊ नाहीत. बिघाडाची चाहूल त्यांतूनच लागते, म्हणूनच आपल्या सुधारित ‘शेड्यूल एम’मध्ये उत्पादनाच्या गुणवत्तेचा नियमित आढावा आहे. छोट्या कारखान्यांना हा खर्च जड जातो, हे खरे. त्यासाठी त्यांना मदत द्यावी, सूट नको. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर मिळालेली गोळी रुग्णाला पारखून घेता येत नाही.