मागच्या बाजूचं हिरवेपण

प्रत्येक सोसायटीला एक मागची बाजू असते. पुढे जास्वंद, मोगरा, तुळशी वृंदावन आणि मागे ड्रेनेजचे पाइप, कुणाच्या तरी उरलेल्या फरश्या, रेतीचा ढीग. ऊन नाही, म्हणजे तिथं काही येणार नाही, असं एकदा ठरलं की पेव्हर ब्लॉकचा ठराव आलाच! महिला मंडळाच्या कामासाठी मी बऱ्याच सोसायट्यांमध्ये जाते. हा ठराव कुठेच अडत नाही. सभेला घरातून 'हे' जातात, आपण चहाचं बघतो.

माझा या ठरावाला विरोध आहे, कारण सावलीतच फुलारणारं एक झाड मला माहीत आहे. फुलारणारं म्हणायचं एवढंच, कारण त्याला फूल येतच नाही. तो म्हणजे नेचा, आपलं फर्न. ना फूल, ना फळ, ना बी. देवाला वाहता येत नाही, वेणीत माळता येत नाही, म्हणून आपल्याकडे त्याला मान नाही. पण नर्सरीत बोस्टन फर्न किंवा नुसतं 'फर्न' म्हणून जो नेफ्रोलेपिस मिळतो, तो पाणी मिळालं तर बारा महिने हिरवागार राहतो. कडक उन्हात त्याची पानं करपतात. त्याला हवा असतो तो मागच्या बाजूचाच मंद उजेड.

लावायला सोपा. बागेची माती, शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा सारख्या प्रमाणात घ्या, कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे घाला. कोवळी पानं गुंडाळी होऊन जिथून वर येतात, तो भाग मातीत गाडू नका, कुजतो. माती कायम ओलसर हवी, पण चिखल नको. कोकणात, मुंबईत हवाच दमट, त्यामुळे फार बघावं लागत नाही. देशावर मात्र एप्रिल-मेमध्ये कोरड्या वाऱ्यानं पानांची टोकं वाळतात. तेव्हा झारीनं सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावं लागतं. वाळलेलं पान बुडापासून कापायचं. रुजला की तो दोऱ्यासारखे बारीक धुमारे सोडतो, ते टेकतील तिथं नवं रोप. पावसाळ्याच्या सुरुवातीला गड्डा फोडून शेजारणीला द्या.

आणि हो, पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसल्या तर कीड समजून औषध मारायला धावू नका! त्यात त्याचे बीजाणू असतात. बी नसलेल्या या झाडाचा वंश त्यावरच चालतो.

एक मात्र कळकळीनं सांगते. पावसाळी सहलीला गेल्यावर घाटातले नेचे उपटून आणू नका. हंसराजासारखे आपल्या सह्याद्रीतले कितीतरी नेचे पावसाळ्यापुरतेच हिरवे असतात. पुढे पानं वाळतात, मुळं जमिनीत जिवंत राहतात आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतात. कुंडीत आणलेला वाळला की आपण 'मेला' म्हणून फेकून देतो. तो घाटातूनही गेला आणि घरातूनही. नर्सरीतलं रोप घ्या ना!

कमिटीचे लोक म्हणतील, ओल येईल, डास होतील. भिंतीला लागून वाफा करू नये, हे खरंच आहे, थोडी जागा सोडावी. पण डास साचलेल्या पाण्यात होतात, ओलसर मातीत नव्हे. पावसाचं पाणी तर मातीच पिते. सगळीकडे फरसबंदी झाली की तेच पाणी गेटातून रस्त्यावर वाहतं आणि उन्हाळ्यात आपण टँकर मागवतो.

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. नोटीस आली की या वेळी विषयपत्रिका आपण वाचूया आणि चहाचं काम 'ह्यां'ना सांगून सभेला आपणच जाऊया. जूनमध्ये मागच्या बाजूला आठ-दहा रोपं लावून ठेवली असतील, तर बोलायलाही बरं पडेल.