शोकेसमधले यान

भगिनींनो, १९८०च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचे, आठवते ना? त्यातल्या ‘एंटरप्राइज’ यानाचे, प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून केलेले मॉडेल ‘ह्यां’नी जपले असेल, तर दिवाळीच्या झाडलोटीत ते भंगारात देऊ नका हं! चित्रीकरणातले अकरा फुटी मूळ मॉडेल वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने १९७४पासून सांभाळले. २०१६मध्ये नीटनेटकेही केले.

आपल्याला एवढा खटाटोप नको. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका. ओल्या फडक्याने घासू नका, चिकटवलेली अक्षरे सुटतात. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर तर मुळीच नको, प्लॅस्टिक विरघळते. उन्हात ते पिवळे पडते, म्हणून खिडकीपासून लांब ठेवा.

त्या टीचभर यानात ह्यांचे बालपण बसले आहे. तेवढी जागा द्याच!